गायतोंडे यांच्या चित्राची छापील प्रत घरात कोठे लावावी आणि ती पाहावी कशी?

मोगरा_ठाणे

नमस्कार. माझ्या मावसभावाने परदेशातील एका संग्रहालयाच्या दुकानातून वासुदेव गायतोंडे यांच्या एका चित्राची छापील प्रत माझ्यासाठी आणली आहे. ती साधारण 20 इंच रुंद आणि 30 इंच उंच आहे. मधासारख्या पिवळ्या-तपकिरी रंगाचा मोठा विस्तार, मध्याच्या थोड्या वर काही गडद खुणा आणि बऱ्याच खाली जेमतेम जाणवणारी एक आडवी रेषा, एवढेच तिच्यात आहे. मला ती पाहताक्षणी आवडली, पण का आवडली हे सांगता येत नाही. बाबांनी ती पलंगावर पसरून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "यात काय पाहायचे ते एकदा सांग, म्हणजे मी पाहीन." त्यांनी ते मनापासून विचारले होते आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

आमचा हॉल 10 बाय 14 फुटांचा असून बाल्कनी पश्चिमेला आहे. सोफ्यामागची भिंत मोकळी आहे, पण तिच्यावर दुपारनंतर थेट ऊन येते. सोफ्यासमोर टीव्ही आहे. तिसऱ्या भिंतीपलीकडे न्हाणीघर असून पावसाळ्यात तिथला रंग फुगतो. स्वयंपाकघराच्या दाराशेजारची चौथी भिंत जेमतेम साडेतीन फूट रुंद आहे, पण कोरडी आहे. चित्र कोठे लावावे, फ्रेम कशी करून घ्यावी आणि बाबांच्या प्रश्नाचे काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

रंगपाणी

मी तुमच्या बाबांच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण भिंत कोणती हे त्याच्या उत्तरावरच ठरणार आहे.

गायतोंडे स्वतः आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणत नसत. त्यांना 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह', म्हणजे वस्तुनिरपेक्ष, हा शब्द पसंत होता. हा फरक केवळ शब्दांचा नाही. 'अमूर्त' म्हटले की आधी काहीतरी मूर्त होते, चित्रकाराने ते पुसट केले आणि आता आपण ते ओळखून काढायचे, अशी समजूत होते. मग पाहणारा त्या खुणांमध्ये डोंगर, होडी किंवा चेहरा शोधू लागतो आणि सापडला नाही की आपल्याला चित्र कळत नाही असे मानून बाजूला होतो. तेव्हा बाबांना एवढेच सांगा की यात ओळखण्यासारखे काहीही दडवलेले नाही. जे दिसते आहे तेच पाहायचे आहे.

तेही कमी नसते. पिवळा रंग सगळीकडे सारखा आहे का, की एका बाजूला दाट आणि दुसरीकडे विरळ होतो? गडद खुणा रंगावर ठेवल्यासारख्या वाटतात, की आतून वर येत असल्यासारख्या? खालची रेषा तळहाताने झाकून पाहा आणि मग हात काढा. वरच्या खुणांचे वजन बदलल्यासारखे वाटेल. मी हे सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकत असताना एका शिक्षकांकडून शिकलो आणि आजही कोणतेही चित्र पाहताना करून बघतो. गायतोंडेही त्याच शाळेचे विद्यार्थी. त्यांनी 1948 मध्ये तेथील पदविका घेतली.

ते काम कसे करत हे ठाऊक असले तरी पाहायला मदत होते. रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवण्याची, खरवडण्याची बोथट पाती) ही त्यांची मुख्य साधने होती. रंगाचा थर द्यायचा, तो खरवडायचा, त्यावर पातळ रंग फिरवायचा, कागदाच्या तुकड्यांनी रंग उमटवायचा किंवा उचलून घ्यायचा, आणि मग थांबायचे. त्यांची चित्रे संख्येने कमी आहेत, कारण प्रत्यक्ष रंगवण्यापेक्षा बसून पाहण्यात आणि विचार करण्यात त्यांचा अधिक वेळ जाई. झेन या ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध पंथाच्या विचारांचे त्यांना मोठे आकर्षण होते, हेही येथे नोंदवण्यासारखे आहे. इतक्या सावकाश घडलेले चित्र येताजाता एका नजरेत हाती लागेल अशी अपेक्षा ठेवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

म्हणून माझे मत असे की, पाहुण्यांना दारातून दिसेल अशी जागा शोधू नका. घरातले माणूस जेथे रोज पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसते, तेथून दिसेल अशी जागा शोधा. टीव्हीच्या आसपास तर मुळीच नको, कारण हलत्या चित्राशेजारी इतके शांत चित्र टिकत नाही.

चौकटकाम

मी पुण्यात गेली बरीच वर्षे फ्रेमिंगचे काम करतो, म्हणून व्यवहाराच्या बाजूने लिहितो.

न्हाणीघराची भिंत आणि उन्हाची भिंत दोन्ही सोडा. उन्हाने शाई उडते, आणि ती सगळीकडे सारखी उडत नसल्यामुळे चित्रातले रंगांचे नाते बिघडते. तुमच्या चित्रात तर त्या नात्याशिवाय दुसरे काहीच नाही. अतिनील किरण अडवणारी काच मिळते आणि ती जरूर घ्यावी, पण ती घेतली म्हणून चित्र उन्हात लावता येते असे समजू नये, कारण दृश्य प्रकाशानेही रंग फिके पडतात.

कागद काचेला चिकटता कामा नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचेच्या आतल्या बाजूला दमटपणा धरतो, कागद तिथे चिकटतो आणि पुढे तो सोडवताना शाईच निघून येते. यासाठी चारी बाजूंनी माउंट, म्हणजे चित्राभोवतीची जाड पुठ्ठ्याची पट्टी, घालावा. चित्र उभे असल्यामुळे तीन इंच पुरेत, आणि खालची बाजू अर्धा इंच जास्त ठेवली तर चित्र घसरल्यासारखे दिसत नाही. माउंट पांढराशुभ्र न घेता किंचित दुधी घ्यावा, नाहीतर पिवळा रंग मळकट वाटतो. माउंट आणि मागचा बोर्ड दोन्ही अ‍ॅसिड-फ्री (आम्लविरहित) आहेत का, हे फ्रेमवाल्याला स्पष्ट विचारा. माझ्या स्वतःच्या घरातील एक जुने चित्र, मी या व्यवसायात येण्यापूर्वी, एका दुकानात साध्या पुठ्ठ्यावर गोंदाने पूर्ण चिकटवून मिळाले होते. काही वर्षांत माउंटच्या कडेने तपकिरी रेघ उमटली आणि कागदावर बुरशीचे तांबूस ठिपके आले. ते आता दुरुस्त होण्यापलीकडे आहे. प्रत कधीही पूर्ण चिकटवू देऊ नका; वरच्या कडेला कागदी बिजागऱ्यांवर ती नुसती टांगलेली असावी, म्हणजे हवामानाप्रमाणे कागदाला आकसता आणि फुगता येते.

फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे छोटे तुकडे चिकटवा. भिंत आणि फ्रेम यांच्यात बोटभर हवा खेळली की निम्मी बुरशी टळते. फ्रेम सागवानी, अर्धा ते पाऊण इंच जाडीची, कोरीव कामाशिवाय असावी.

उंचीबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो. संग्रहालयांत चित्राचा मध्यबिंदू जमिनीपासून साधारण 57 इंचांवर ठेवतात, कारण तिथे माणसे उभी राहून पाहतात. घरी तुम्ही बसून पाहणार असाल, तर मध्यबिंदू 48 ते 50 इंचांवर आणा. बहुतेक घरांत चित्रे छताच्या बाजूला सरकलेली असतात आणि मान वर करून कोणी फार वेळ पाहत नाही.

उभी_रेघ

वरील दोन्ही प्रतिसाद उत्तम आहेत, तरी एक मुद्दा राहिला असे वाटते. प्रतीमधून रचना आणि बऱ्याच अंशी रंग कळतात, पण गायतोंडे यांच्या चित्राचा खरा जीव थरांत आहे आणि थर छापता येत नाहीत. मूळ चित्रासमोर तुम्ही डावीकडून उजवीकडे चालत गेलात, तर खरवडलेल्या कडांवरचा उजेड सरकत जातो. प्रतीत तो एकाच जागी गोठलेला असतो. त्यामुळे ठाण्यात राहून एकही मूळ चित्र न पाहणे ही चुकवू नये अशी गोष्ट आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातील जहांगीर निकोल्सन संग्रहात गायतोंडे यांची चित्रे आहेत. प्रदर्शने बदलत असतात, म्हणून सध्या काय मांडले आहे ते फोन करून विचारावे आणि बाबांना घेऊन जावे.

आणखी एक गोष्ट, जी तुम्हाला नव्हे पण वाचणाऱ्या इतरांना लागू पडेल. संकेतस्थळावरून चित्र उतरवून छापून घेण्याचा मोह टाळावा. गायतोंडे 2001 मध्ये गेले आणि आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतात, म्हणजे 2061 च्या अखेरीपर्यंत. शिवाय 20 बाय 30 इंचांची चांगली छपाई हवी तर सुमारे 6000 बाय 9000 पिक्सेल लागतात. संकेतस्थळावरचे चित्र त्याच्या आसपासही नसते आणि जे छापून येते त्यात हे सूक्ष्म रंगभेद सपाट होऊन जातात.

मोगरा_ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. स्वयंपाकघराच्या दाराशेजारची भिंत नक्की केली आहे. फ्रेम साडेसव्वीस-सत्तावीस इंचांपर्यंत जाईल, म्हणजे दोन्ही बाजूंना सात-आठ इंच भिंत मोकळी राहते. बाबा सकाळी ज्या खुर्चीत चहा घेतात, तिच्यातून ही भिंत बरोबर समोर येते, हे मी इतकी वर्षे राहूनही मोजपट्टी लावेपर्यंत ध्यानात घेतले नव्हते. काल त्यांना खुर्चीत बसवून डोळ्यांची उंची मोजली. ती 46 इंच भरली.

तळहाताने रेषा झाकण्याचा प्रयोग आम्ही दोघांनी केला. बाबांनी हात तीन-चार वेळा ठेवला आणि काढला, आणि मग म्हणाले की रेषा झाकली की वरच्या खुणा खाली उतरतात. मला मात्र त्या वर जाताना दिसतात. 'रंगपाणी' यांना विचारायचे आहे की, असे दोघांना उलट दिसणे शक्य आहे का?

रंगपाणी

शक्य आहे, आणि दोघांनीही आपापले पाहणे सोडू नका. मध्यबिंदू 48 इंचांवरच ठेवा. बाबांच्या नजरेपेक्षा दोन इंच वर राहील, तेवढे योग्य आहे. महिन्याभराने खुर्च्यांची अदलाबदल करून पुन्हा पाहा आणि काय दिसले ते येथे लिहा.