मदत हवी आहे: सरावाच्या मैदानाला गवत की टर्फ (कृत्रिम गवत)?
आमच्या तालमीच्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांसाठी कोल्हापुरात सरावाचं छोटं मैदान करायचंय. कमिटीत दोन तट पडलेत. टर्फवाले म्हणतात, चिखल नाही, रोज कितीही खेळा. पण एप्रिलच्या उन्हात त्याच्या पात्यांमध्ये भरलेले काळे रबराचे दाणे चटका देतात, घसरून टॅकल केला की मांडीची सालपटं निघतात. शिवाय युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम केलाय, २०३१ पासून असे दाणे विकायला बंदी. मग आपण आत्ता का भरायचे? गवताला विश्रांती लागते, ती आमची पोरं देणार नाहीत!

दाण्यांऐवजी नारळाचा काथ्या किंवा कॉर्क कुणी वापरलाय का? आपल्याकडच्या पावसात वाहून जातो का? आणि बर्म्युडा गवत लावलं तर आठवड्याला किती तास खेळू द्यावं? स्वतः मैदान राखणाऱ्यांनी सांगितलं तर बरं.