डार्क मोड दिला म्हणजे भागलं असं नाही
'साइटला डार्क मोड आहे, मग हाय कॉन्ट्रास्टसाठी वेगळं काय करायचं?' हे मत मला पटत नाही. डार्क मोडमध्ये ब्राउझर फक्त वापरणाऱ्याची आवड कळवतो. ऐकायचं की नाही हे साइटने ठरवायचं. विंडोजची कॉन्ट्रास्ट थीम (नीट दिसत नसलेल्यांसाठी मोजक्या, ठळक रंगांची हाय कॉन्ट्रास्ट सेटिंग) लावली की मात्र विचारणं वगैरे नाहीच. अक्षरं, पार्श्वभूमी, कडा यांचे तुमचे रंग ब्राउझर सरळ बाजूला सारतो आणि थीमचे मोजके रंग लावतो. सावल्या जातात, ग्रेडियंटही (एकातून दुसऱ्यात मिसळणारे रंग) जातात.

गोची तिथेच होते. परवा आमच्याच एका फॉर्मवर ही थीम लावून पाहिली, तर 'जतन करा' आणि 'रद्द करा' हे नुसते दोन शब्द शेजारी शेजारी उभे! आम्ही स्टाइलच्या कोडमध्ये (सीएसएस) 'बॉर्डर: नन', म्हणजे कडा नको, असं लिहून ठेवलं होतं, बटणपण सगळं निळ्या रंगावर तोललेलं. उपाय एका ओळीचा निघाला: एक पिक्सेलची पारदर्शक बॉर्डर. एरवी दिसत नाही, पण थीम लागली की ब्राउझर तिलाही रंग देतो. फोकसची खूण (कीबोर्डने फिरताना आत्ता कुठे आहोत ते दाखवणारी) फक्त सावलीने दाखवत असाल तर तिथेही हीच युक्ती, पारदर्शक आउटलाइन (बॉर्डरच्या बाहेरची रेघ).

एसव्हीजी (कोडने काढलेलं चित्र) आयकॉनच्या फिलला, म्हणजे आत भरलेल्या रंगाला, ब्राउझर हात लावत नाही, त्यामुळे काळ्यावर काळं होऊ शकतं. फिलसाठी 'करंटकलर' वापरा, म्हणजे आयकॉन शेजारच्या अक्षरांचाच रंग घेतो.

आणि 'फोर्स्ड-कलर-अ‍ॅडजस्ट: नन' (म्हणजे 'थीमचे रंग इथे लादू नकोस' ही सूचना) अख्ख्या पानाला लावणं ही माझ्या मते शुद्ध दांडगाई. रंगांचे नमुने दाखवायचे असतील तेवढ्यापुरतं ठीक.