नव्या पितळी कडी-कोयंड्याला जुनी झाक कशी आणावी?

कृष्णाकाठ:
वाईतील आमच्या घराचे सागवानी दार फार जुने असून त्यावरच्या पितळी फुल्या हातांच्या स्पर्शाने आणि चुलीच्या धुराने गडद तपकिरी झाल्या आहेत. मोडलेली कडी, कोयंडा आणि दोन बिजागऱ्या बदलण्यासाठी नवे पितळी सामान आणले. मात्र ते इतके झळकते की दाराकडे पाहताच आधी तेच डोळ्यांत भरते. घरात सहज मिळणाऱ्या वस्तूंनी फुल्यांशी जुळणारा रंग आणता येईल का? कडीवर व्हिनेगर आणि मीठ लावून पाहिले, पण दोन दिवसांनंतरही ती जशीच्या तशी आहे.

तांबटआळी:
कडीवर परिणाम झाला नाही, याचे कारण बहुधा तिच्यावरचे पारदर्शक लॅकर हे आहे. दुकानात चकाकी टिकावी म्हणून ते चढवलेले असते आणि ते असेपर्यंत कोणताही पदार्थ धातूपर्यंत पोहोचत नाही. प्रथम सामानाला लोहचुंबक लावून पाहा. चुंबक घट्ट चिकटला तर आत लोखंड असून वर केवळ पितळेचा मुलामा आहे, आणि असा मुलामा घासताना निघून जातो. पितळ भरीव असल्यास अ‍ॅसिटोनने लॅकर पुसून काढावे, भांड्यांच्या साबणाने धुवावे आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नये, कारण बोटांचे तेल जिथे लागते तिथे रंग धरत नाही.

व्हिनेगर-मिठाचा मार्ग मात्र तुमच्या दारासाठी मी सुचवणार नाही. त्याने जो हिरवट-निळा थर येतो, तो आपल्या आजीच्या भाषेतला कळकच होय. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात आमटी कळकते ती याच जातीच्या क्षारांमुळे. हा थर विषारी असतो, भुकटीसारखा सुटतो आणि रोज हाताळायच्या कडीवर तो नको. तुम्हाला हवा असलेला तपकिरी रंग अमोनियाच्या वाफेने येतो. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बादलीत तळाशी वाटीभर अमोनिया ठेवावा, कडी दोऱ्याने अशी टांगावी की द्रवाला स्पर्श होणार नाही, आणि दर तासाने रंग पाहावा. हे काम अंगणातच करावे, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावे, आणि अमोनियाजवळ ब्लीचिंग पावडर किंवा फरशीचे ब्लीच कधीही आणू नये, कारण त्यांच्या संयोगाने घातक वायू तयार होतो. रंग हवा त्यापेक्षा किंचित गडद होऊ द्यावा, मग कडी धुऊन वाळवावी आणि जिथे हात लागतो त्या कडा बारीक पॉलिश पेपरने हलक्या उजळाव्यात. जुन्या फुल्यांचे उंचवटेही असेच उजळ आणि खोबणी काळसर असतात. सगळीकडे सारखा रंग आला की नकलीपणा लगेच कळतो. शेवटी मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात फिरवावा.

धातुशास्त्र:
वरील कृतीत एक महत्त्वाची भर घालतो. ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियाने तडे जातात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातील लष्कराच्या तबेल्यांत साठवलेली पितळी काडतुसे पावसाळ्यात आपोआप चिरत असत, आणि त्याचे कारण घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया हे आहे, याचा उलगडा 1921 साली झाला. काडतूस पत्रा ओढून घडवलेले असल्याने त्याच्या अंगातच ताण शिल्लक राहतो. ओतीव कडीला हा धोका कमी आहे. पण बिजागरी पत्रा वाकवून केलेली असते आणि दाराचा भारही तिच्यावरच येतो, म्हणून तिला ही वाफ देऊ नये. शिवाय दार मिटल्यावर बिजागरी जवळजवळ झाकलीच जाते.

भातागर:
स्क्रूंकडेही लक्ष द्यावे, नाहीतर रंगवलेल्या कोयंड्यात ते पांढरेफटक चमकत राहतील. साध्या लोखंडी स्क्रूला तापवून जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात दिला की लोहाराकडच्या कामासारखा काळा रंग येतो. जस्ताचा मुलामा असलेला स्क्रू मात्र तापवू नये, कारण त्याचा धूर बाधतो. तेल लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. उन्हात पसरून पूर्ण वाळू द्यावीत.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. चुंबक चिकटला नाही, म्हणजे आत लोखंड नाही. लॅकर काढायलाच सर्वाधिक वेळ लागला. त्यानंतर पाच तासांच्या वाफेने कडी आणि कोयंडा दोन्ही फुल्यांच्या जवळ आले. कोयंड्याच्या आतल्या बाजूला एक फिकट ठिपका राहिला आहे, तिथे माझे बोट लागले होते. बिजागऱ्यांचे केवळ लॅकर काढले असून त्या आता पावसाळ्याच्या हवेवर सोपवल्या आहेत.