कस्टमाइज करणे = बेतणे? आणि सुबक / हुबेहूब मधला फरक

बरेच दिवस एक शब्द शोधतोय. मी सिनेमातल्या पात्रांच्या फिगर, म्हणजे खरे कपडे घातलेल्या छोट्या प्रतिकृती जमवतो, एक षष्ठांश मापाच्या, म्हणजे सहा फुटी माणूस साधारण ३० सेंटीमीटरचा होतो. महागड्या असतात, पण कितीही पैसे मोजले तरी पडद्यावरचा माणूस आणि हातातली फिगर यात काहीतरी खटकतंच, कॉलर फुगून उभी राहते, भुवया जास्तच काळ्या असतात, आख्खा सिनेमा चिखलात पळालेल्या माणसाचे बूट कोरे करकरीत असतात. मग हे सगळं आपण घरी बसून नीट करायचं, याला कस्टमाइज करणं म्हणतात. मराठीत काय म्हणाल? 'बदल' फार मोघम होतो, 'फेरफार' म्हटलं की कागदपत्रात काहीतरी गडबड केल्यासारखं वाटतं आणि 'दुरुस्ती' म्हटलं की समोरचा विचारतो काय मोडलं होतं. खरं तर 'दुरुस्त' म्हणजे मूळ फारसीत बरोबर, योग्य, त्यामुळे अर्थाने तोच सगळ्यात जवळचा आहे, पण मराठीत तो मोडक्या वस्तूला चिकटून बसलाय.

मला 'बेतणे' सुचतंय. कपडा अंगावर बेततात आणि सिनेमा कादंबरीवर बेतलेला असतो, इथे तर दोन्ही आहे, कोट फिगरच्या अंगावर बेतायचा आणि ती फिगर सिनेमावर. कसं वाटतं?



कपड्यापुरतं 'बेतणे' एकदम पटलं. पण चेहरा पुसून परत रंगवणं याला बेतणं कसं म्हणणार? तिथे 'रंग उतरवून नव्याने रंगवली' असंच सरळ म्हणावं. शिवाय 'जिवावर बेतणे' आहेच, 'फिगरवर बेतलं' म्हणालात तर लोक विचारतील तुटली का :)



हो ते 'वर बेतलं' टाळावं लागेल, 'फिगर बेतून घेतली' असं म्हटलं की अर्थ नीट लागतो. आणि चेहऱ्याबद्दल मान्य.

मी कपड्यावर अडून बसलो कारण खरी मारामारी तिथेच असते. १२ मिलिमीटरचं बटण २ मिलिमीटरचं करता येतं, पण कापडाची जाडी सहा पटीने कमी होत नाही, एक मिलिमीटर जाडीच्या कापडाला तिथे ०.१७ मिलिमीटरचं कापड लागेल. त्यात शिवणीला दुमड आली की जाडी दुप्पट, म्हणून कॉलर फुगते आणि खांदे पोतं घातल्यासारखे दिसतात. मी आतली दुमड उसवून काढून टाकतो, कडेला पातळ केलेला कापडाचा गोंद लावतो म्हणजे धागे सुटत नाहीत, आणि कोटाच्या घेरात बारीक तार घालतो की सिनेमातल्यासारखी घडी पडते. डोकं काढताना एकदा घाईत ते मानेला जोडणारी खुंटी मोडली होती, फार वाईट वाटलं, तेव्हापासून मानेजवळ हेअर ड्रायरची कोमट हवा देऊन मऊ करतो आणि मगच ओढतो.

आता दुसरा प्रश्न. ॲक्युरेटला काय? 'अचूक' उत्तर असतं, नेम असतो, चेहरा अचूक म्हटलं की कानाला बरं नाही वाटत.



चेहऱ्याला 'हुबेहूब'. अरबी-फारसी 'हू-ब-हू', म्हणजे तोच तो. कपड्याला 'तंतोतंत', त्यात तंतू आहेच. आणि फोटो समोर ठेवून त्याच्या हुकमाप्रमाणे केलं तर 'बरहुकूम'.

मला मात्र लोक 'सुबक' आणि 'हुबेहूब' एकच समजतात त्याचा त्रास होतो. १९७७ च्या स्टार वॉर्समधलं डार्थ व्हेडरचं शिरस्त्राण घ्या, ते नुसतं काळं नव्हतं, काळा आणि बंदुकीच्या धातूसारखा करडा असे दोन रंग होते आणि हाताने घडवलेला असल्यामुळे मुखवटा डावी-उजवीकडे सारखा नव्हता. २००५ च्या भागात तो दोन्ही बाजूंनी सारखा आणि पूर्ण काळा झाला. आता कोणी १९७७ ची फिगर घेऊन मुखवटा सारखा करून काळाभोर चमकवला तर ती सुबक होईल, हुबेहूब नाही होणार. उलट वाकडेपणा परत आणायचा असतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं बिघडवली.



हे फारच आवडलं, माझ्या बाबतीत अगदी असंच झालं, बूट मळवले तर घरचे हळहळले.

त्यावरून, वेदरिंगला, म्हणजे नवी वस्तू वापरून जुनी झाल्यासारखी दिसावी म्हणून रंगवण्याला, मी एक शब्द शोधत होतो पण आपल्याकडे तीन-चार आहेत आणि प्रत्येकाची रीत वेगळी. *मळणे*, म्हणजे खाचेत साचलेली घाण, त्याला पातळ गडद रंग सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. *झिजणे*, हे कडांना आणि कोपऱ्यांना, जवळजवळ कोरड्या ब्रशने फिका रंग नुसता घासायचा. *विटणे*, उन्हाने, म्हणून खांद्यावर आणि पाठीवर, काखेत कधीच नाही. चौथा *टवके उडणे*, चिलखताला स्पंजच्या तुकड्याने ठिपके. नवशिके सगळीकडे एकच तपकिरी रंग फासतात कारण त्यांच्या डोक्यात शब्दच एक असतो असं मला खरंच वाटतं.



+१. 'टवके' आजपासून वापरणार, आत्तापर्यंत 'चिपिंग' म्हणत होतो. विटण्यात एक भर, शिवणीच्या आत मूळ रंग शाबूत राहतो, तिथे ब्रश जाऊ द्यायचा नाही.



बरोबर, हे माझ्याकडून राहिलंच होतं. कोटाची पाठ परत करावी लागणार, तिथे मी शिवणीवरून सरळ ब्रश फिरवलाय.