रोज खिशात काय ठेवावं: घडीचा चाकू की मल्टिटूल?

प्रश्न: कामं अशी: खोकी उघडणं, दोरी कापणं, कधीतरी एखादा स्क्रू. पक्कडवालं मल्टिटूल (एकात अनेक अवजारं) घ्यावं की साधा चाकू पुरेल?

उत्तर १: पक्कड आठवड्यातून एकदाही लागत नसेल तर मल्टिटूलच्या भानगडीत पडू नका. पूर्ण आकाराचं मल्टिटूल २००-२५० ग्रॅम भरतं, खिसा लोंबतो आणि शेवटी ते ड्रॉवरमध्ये जाऊन पडतं. व्हिक्टोरिनॉक्स कंपनीचा घडीचा स्विस चाकू टिंकर बघा: ९१ मिमी, वजन साधारण ६० ग्रॅम. त्यांचाच स्पार्टनही तसाच, पण टिंकरमध्ये बूच काढायच्या मळसूत्राऐवजी फिलिप्स (अधिक चिन्हाच्या टोकाचा) स्क्रूड्रायव्हर मिळतो.

उत्तर २: टिंकर चांगलाच, पण त्याच्या पात्याला लॉक नाही, नुसता स्प्रिंगचा दाब. टोक खुपसून भोक पाडायला गेलात की पातं बोटांवर मिटू शकतं. भोकासाठी मागची आरी वापरा. लायनर लॉकवाला (मुठीतली धातूची पट्टी सरकून उघडं पातं अडवते तो) चाकू घेणार असाल तर पातं उघडून आत बघा. लॉकची पट्टी पात्याच्या बुडाला नीट टेकायला हवी. जेमतेम कडेला टेकत असेल तर घेऊ नका. सरकून मुठीच्या पलीकडच्या भिंतीला भिडली असेल तर झिजलीय.

उत्तर ३: स्टीलचंही बघा. डी२ या प्रकारच्या स्टीलची धार टिकते, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही; आंबट फळ कापून न पुसता मिटलं की डाग पडलेच. बिजागरी कचकच करायला लागली की आधी तेल ओतू नका, आतल्या धाग्यांचा चिखल होतो. कोमट साबणपाण्यात उघडझाप करा, पूर्ण वाळवा, मग एकच थेंब.

प्रश्नकर्ता: टिंकर ठरला. विमानात?

उत्तर २: चेक-इन बॅगेत. खिशात विसरलात तर तपासणीत गेलाच समजा.