मंजूर झालेला खर्च अमेरिकी काँग्रेस मागे कसा घेते?

प्रश्न : जुलै २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने आपणच मंजूर केलेल्या निधीपैकी सुमारे ९ अब्ज डॉलर कायदा करून रद्द केले, त्यात सार्वजनिक रेडिओ व दूरचित्रवाणीचे सुमारे १.१ अब्ज होते. खर्चाच्या विधेयकाला सिनेटमध्ये एरवी ६० मते जमवावी लागतात, मग हे विधेयक ५१ विरुद्ध ४८ मतांनी कसे संमत झाले?

उत्तर १ : याचे मूळ १९७४ च्या कायद्यात आहे. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी काँग्रेसने दिलेला पैसा अडवून ठेवल्याने तो झाला. राष्ट्राध्यक्षांनी निधी रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवला, की काँग्रेसच्या कामकाजाचे ४५ दिवस तो निधी रोखता येतो. तेवढ्यात कायदा झाला नाही, तर पैसा मोकळा करावा लागतो. एरवीची ६० मते चर्चा थांबवण्यासाठी लागतात; अशा विधेयकावरील चर्चेला मात्र वेळेची मर्यादा असल्याने ते लांबवून अडवता येत नाही आणि साधे बहुमत पुरते. अर्थात सत्ताधारी पक्ष एकत्र राहिला तरच; २०१८ मधला सुमारे १५ अब्जांचा प्रस्ताव सिनेटमध्येच अडकला होता.

उत्तर २ : माझ्या मते खरी अडचण इथेच आहे. विरोधकांची मते मिळवण्यासाठी ज्या तरतुदी मान्य केल्या, त्याच काही महिन्यांनी केवळ स्वपक्षाच्या बळावर काढून घेता येत असतील, तर पुढच्या वाटाघाटीत विरोधकांनी शब्दावर विश्वास का ठेवावा?

प्रश्नकर्ता : आणि ते ४५ दिवस पुरे होण्याआधीच आर्थिक वर्ष संपले तर?

उत्तर १ : ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस नेमके तेच झाले. परदेशी मदतीच्या ४.९ अब्जांचा प्रस्ताव आला आणि ३० सप्टेंबरला वर्ष संपत असल्याने काँग्रेसने काहीच न करताही पैसा बुडणार होता. काँग्रेसच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने ही पळवाट बेकायदा ठरवली होती, तरी सर्वोच्च न्यायालयाने वैधतेचा अंतिम निकाल न देता सुमारे ४ अब्ज रोखून धरू दिले.

उत्तर ३ : आपल्याकडे विधिमंडळापुढे असा प्रश्न सहसा येतच नाही. कपात सूचना, म्हणजे खर्चाची मागणी कमी करण्याचे आमदारांचे प्रस्ताव, ती मागणी मंजूर होण्यापूर्वीच्या. नंतर वित्त विभाग निधी वितरित करत नाही, अखर्चित रक्कम विभाग समर्पित (परत) करतात किंवा ३१ मार्चला ती व्यपगत, म्हणजे आपोआप रद्द होते. मे २०२० मध्ये महाराष्ट्राने विकासकामांचा निधी ३३ टक्क्यांवर आणला, तोही शासन निर्णयाने. सभागृहात त्यासाठी मतदान झाले नाही.