मायक्रोपिलरमधून आलेला यील्ड स्ट्रेस धातूचा गुणधर्म मानावा का?

स्फटिकरेषा:
एकाच स्फटिकातून आयन बीमने काही मायक्रॉन जाडीचा खांब कोरायचा, सपाट टोकाच्या हिऱ्याने वरून दाबायचा आणि किती बलाला किती दबला ते नोंदवायचं, अशी ही मायक्रोपिलर चाचणी. तिचा यील्ड स्ट्रेस, म्हणजे ज्या ताणाला आकार कायमचा बदलायला लागतो तो, लोक ‘धातूचा’ म्हणून थेट क्रिस्टल प्लास्टिसिटीच्या (स्फटिकाचा आकार कायमचा कसा बदलतो ते गणणाऱ्या) मॉडेलमध्ये घालतात. हे थांबायला हवं. २००४ साली उचिक, डिमिडुक, फ्लोरँडो आणि निक्स यांनी निकेलचे पिलर (असे खांब) दाबून दाखवलं, की धातू तोच, स्फटिकाची दिशा तीच, पण पिलर बारीक झाला की ताकद वाढते. कोरणाऱ्याने निवडलेल्या व्यासावर ठरणारा आकडा गुणधर्म कसा?

कणसीमा:
अजिबात पटलं नाही. किरणोत्साराचा परिणाम तपासायला धातूवर मुद्दाम आयनांचा मारा करतात, तो मारा झालेला थर जेमतेम काही मायक्रॉनचा असतो. त्याची ताकद मोजायला एवढा मोठा नमुना आणायचा कुठून? शिवाय बारीक पिलरमध्ये डिसलोकेशनचे (अणूंच्या रांगेतल्या, सरकू शकणाऱ्या दोषरेषांचे) स्रोत मोजके आणि आखूड असतात, म्हणून ते चालवायला ताण जास्त लागतो. कारण कळल्यावर त्याला चूक का म्हणायचं?

जाळी_घर्षण:
कारण तेवढंच नाही. पिलर कोरणाऱ्या बीममधले गॅलियमचे आयन पृष्ठभागाखाली काही दशक नॅनोमीटरपर्यंत अणूंची जाळी बिघडवतात. बीमला न शिवता, फक्त एचिंगने (भोवतालचा धातू रसायनाने विरघळवून) मोकळे केलेले मॉलिब्डेनम मिश्रधातूचे पिलर जवळजवळ सैद्धांतिक (निर्दोष स्फटिकाच्या) ताकदीपर्यंत टिकले, आणि तिथे व्यासाचा परिणामही दिसला नाही. तेच पिलर आधी थोडे दाबून घेतले, की ताकद घसरली. म्हणजे आत आधीपासून किती डिसलोकेशन आहेत, यावर बरंच ठरतं.

स्फटिकरेषा:
टेपरचं, म्हणजे पिलरच्या निमुळतेपणाचंही तेच. वरचं टोक निमुळतं असलं तर तिथे ताण जास्त, स्लिप (अणूंचे थर एकमेकांवरून घसरणं) तिथूनच सुरू होते, आणि खाली सरकताना आलेख असा चढतो की धातू स्वतःच कडक होतोय असं वाटावं. चाचणीनंतरचा एसईएमचा (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा) फोटो बघितल्याशिवाय अशा आलेखावर माझा विश्वास बसत नाही. स्लिपच्या पायऱ्या फक्त माथ्याशी दाटल्या असतील तर तो चढ टेपरचाच समजावा.

कणसीमा:
टेपर मान्य. पण मला नुसता आकडा नकोच, दोन स्लिप सिस्टीमच्या (घसरण्याच्या प्रतल-दिशेच्या जोड्यांच्या) ताकदीचं गुणोत्तर हवंय. दोन्ही पिलर एकाच व्यासाचे घेतले की आकाराचा परिणाम कटतो.

जाळी_घर्षण:
नाही कटत! जिथे जाळीचं घर्षण, म्हणजे डिसलोकेशन सरकताना जाळीचाच होणारा अडथळा, जास्त, तिथे आकाराचा परिणाम कमी. खोलीच्या तापमानाला टंगस्टनची ताकद व्यासाबरोबर नायोबियमपेक्षा कमी बदलते, ती यामुळेच. एकाच धातूतल्या दोन सिस्टीमचं घर्षण वेगळं असेल, तर तुमचं गुणोत्तरही व्यासाबरोबर सरकणार.

कणसीमा:
मग तीन-चार व्यासांवर मोजू आणि जाड बाजूला कल कुठे सपाट होतो ते पाहू. तो आकडा मॉडेलमध्ये घालायला तरी हरकत नाही ना?

स्फटिकरेषा:
तो जरूर घाला, सोबत टेपर आणि सुरुवातीची डिसलोकेशन घनताही छापा. पण मारा झालेल्या थरात तेवढा जाड पिलर मावतच नाही, आणि पहिलं उदाहरण तुम्ही त्याचंच दिलं होतं. तिथे माझा विरोध कायम.